कूलरच्या टाकीपासून खदानीच्या पाण्यापर्यंत: टेकडीवरच्या बेडकांची वर्षभराची नोंद कशी ठेवायची

मे महिन्यात कूलरची टाकी घासायला काढली, की ताटीच्या, म्हणजे कूलरच्या गवती जाळीच्या, मागच्या कोपऱ्यात तो बसलेला सापडतो. चारही पाय पोटाखाली घेतलेले, डोळे अर्धवट मिटलेले, एरवीचा तपकिरी रंग उतरून जवळजवळ पांढुरका झालेला. नागपुरात नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, चालू असतो, पारा 45 अंशांच्या आसपास घुटमळत असतो, आणि घरातला सगळ्यात गार, सगळ्यात ओला कोपरा या झाडबेडकानं आपल्याआधी हेरून ठेवलेला असतो. शास्त्रीय नाव पॉलिपेडेटस मॅक्युलेटस. बोटांच्या टोकांना गोल चकत्या असतात, त्यांच्या जोरावर तो गुळगुळीत भिंतही चढतो. जुलैत याच जातीचे बेडूक आमच्या घरामागच्या टेकडीवर, खदानीच्या पाण्यावर वाकलेल्या फांद्यांना पांढऱ्या फेसाची घरटी लावताना दिसतात. कूलर ते खदान हे अंतर माझ्या 450 पावलांचं. ते अंतर बेडूक कधी कापतो, कुठून जातो, मधे कुठं दबून बसतो, हे शोधायला मला काही वर्षं लागली. तुम्हाला एवढी लागू नयेत म्हणून हे लिहितोय.

माझी ओळख थोडक्यात सांगतो, कारण तिचा इथं संबंध आहे. एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात मी 31 वर्षं लॅब असिस्टंट होतो. विच्छेदनासाठी बेडूक ओल्या पोत्यातून यायचे. ते मोजून घ्यायचे, क्लोरोफॉर्मच्या बरणीत सोडायचे, मेणाच्या ट्रेमध्ये पाय ताणून टाचण्या मारून ठेवायचे, हे माझं काम. 2011 मध्ये यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) विच्छेदन टप्प्याटप्प्यानं बंद करण्याच्या सूचना काढल्या, 2014 मध्ये ते पूर्ण थांबलं. तोवर माझ्या हातांतून किती बेडूक गेले, हे मला आज आठवायचं म्हटलं तरी जड जातं. पण त्या ट्रेमध्ये मी एक गोष्ट पाहिली होती. दिवाळीच्या सुमारास आलेला बेडूक उघडला, की मूत्रपिंडांच्या वरच्या अंगाला पिवळ्याधमक चरबीच्या जाड बोटांचा झुबका दिसायचा. जूनअखेर, कॉलेज उघडल्या उघडल्या आलेल्या बेडकांत तीच बोटं सुकून दोऱ्यासारखी झालेली असायची आणि मादीचं पोट अंड्यांनी गच्च भरलेलं असायचं. जात तीच, पोत्यातला माल तोच, पण महिना बदलला की आतला प्राणी बदललेला. बाहेर त्याचं जगणं किती बदलत असेल, हा प्रश्न तेव्हा मनात आला, आणि निवृत्तीनंतरच त्याच्यामागे जायला वेळ मिळाला.

बहुतेक लोक जुलैत एखाद्या रात्री डबक्यावर जातात, आवाज ऐकतात, फोटो काढतात आणि बेडूक बघून झाले असं समजतात. डबकं म्हणजे बेडकाचं लग्नाचं कार्यालय. तिथं तो वर्षातले थोडे दिवस असतो. उरलेलं वर्ष तो कुठं काढतो, ते कळायला डबकं सोडून बाकी सगळीकडे बघावं लागतं, आणि तेही ज्या महिन्यांत बघण्यासारखं काही नाही असं वाटतं त्या महिन्यांत.

जागा निवडणं

एका तासात सावकाश पायी फिरून होईल एवढाच टापू घ्या. मोठा घेतलात तर ऑगस्टच्या झडीत कंटाळा येईल आणि नोंद तुटेल. त्या टापूत चार प्रकारच्या जागा असल्याच पाहिजेत: पावसाळ्यानंतर आटणारं उथळ पाणी, बारमाही पाणी, चरायची जागा म्हणजे गवत, बागा, शेताचे धुरे (बांध), आणि दडायची जागा म्हणजे दगडांचे ढीग, भेगाळलेली काळी माती, झाडांच्या मुळांतली पोकळी.

काटोल रोडकडचा आमचा भाग काळ्या बेसाल्टचा आहे. शेजारच्या वस्तीचं नावच गिट्टीखदान. टेकडीवर वीतभर माती आणि मुरूम, खाली अखंड खडक. जूनमध्ये पडलेलं पाणी खडकातून मुरत नाही, खोलगट जागी साचतं, चार दिवसांत कोमट होतं आणि त्यात शेवाळ धरतं. जुन्या, सोडून दिलेल्या खदानीच्या तळाला असं उथळ पाणी साचतं, आणि एका कोपऱ्यात खोल खड्डा आहे तो मेपर्यंत टिकतो. उताराला नाला, नाल्याच्या कडेला तरोटा (टाकळा) आणि गवत, आणि खाली आमची कॉलनी. चारही प्रकारच्या जागा 1.4 किलोमीटरमध्ये बसल्या. कागदावर हातानं नकाशा काढला आणि 11 जागांना नंबर दिले. नंबर एकदा दिले की बदलायचे नाहीत, जागा बुजली तरी नाही. माझी 6 नंबरची जागा मागच्या वर्षी मातीचा भराव टाकून बुजवली. वहीत ती अजून आहे, आणि तिच्यापुढे प्रत्येक खेपेला मी शून्य लिहितो.

वनखात्याच्या हद्दीत, सेमिनरी हिल्स असो की गोरेवाड्याकडचं जंगल, अंधार पडल्यावर परवानगीशिवाय शिरू नका. कॉलनीमागची पडीक जागा, ओळखीच्याचं शेत, गावाकडची बोडी (छोटं तळं) किंवा मामा म्हणजे मालगुजारी तलावाची कड या कामाला उत्तम.

उंच पर्वतांतल्या पाणथळींवर असं काम पुष्कळ झालं आहे आणि त्यातून आपल्याला शिकण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या आयडाहोच्या पर्वतांत कोलंबिया स्पॉटेड फ्रॉग नावाचा बेडूक उथळ तळ्यांत अंडी घालतो, उन्हाळ्यात चरायला दुसऱ्या पाणथळींकडे जातो आणि बर्फ पडायच्या आधी खोल तळ्यांकडे वळतो. माद्या नरांपेक्षा लांब जातात, काही तर किलोमीटरभर. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडात पिवळ्या पायांच्या बेडकाची पिल्लं बेडूकमाशाच्याच रूपात दोन-तीन हिवाळे बर्फाखालच्या पाण्यात काढतात, म्हणून तिथं तळाशी न गोठणारं खोल तळं नसेल तर ती जात टिकत नाही. आमच्या टेकडीवर बर्फ नाही, पण मे आहे. तिकडे जे काम खोल तळं थंडीत करतं, ते इकडे उन्हाळ्यात भेगाळलेली माती, खदानीचा सावलीतला कोपरा आणि आमचे कूलर करतात. तिकडच्या बेडूकमाशाला वर्षं मिळतात. इकडच्या छोट्या मायक्रोहायला बेडकाच्या पिल्लाला पाणी आटायच्या आत साधारण महिनाभरात पाय फुटून बाहेर पडावं लागतं.

सोबत काय घ्यायचं

पेन्सिल, पेन नको, पावसात शाई पसरते. जाड पुठ्ठ्याची वही, प्लॅस्टिकच्या पिशवीत. टॉर्चला लाल जिलेटीन कागद रबरबँडनं बांधा. पांढरा उजेड पडला की गाणारे नर गप्प होतात. गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि काठी, कारण जिथं बेडूक तिथं साप. दिवड बिनविषारी आहे, पण आमच्या नाल्याला मण्यार आणि घोणस दोन्ही दिसलेत. एकटं जाऊ नका. माझ्यासोबत शेजारचा बारावीतला मुलगा असतो, त्याचे कान माझ्यापेक्षा तीक्ष्ण आहेत. पाण्याचं तापमान घ्यायला साधा काचेचा थर्मामीटर, आणि गच्चीवर पाऊस मोजायला सरळ उभ्या भिंतींचा डबा आणि फूटपट्टी. हाताला डासांचं मलम लावून बेडकाला हात लावायचा नाही. खरं तर हातच लावायचा नाही. त्याची कातडी पाणी आणि हवा दोन्ही आत घेते, आपल्या हातावरचं मीठ, साबण, मलम तेही घेते.

गमबुटांबद्दल आणखी एक. बेडकांच्या कातडीला ग्रासणारी कायट्रिड नावाची बुरशी आहे, तिनं जगात अनेक जाती संपवल्या. ती ओल्या चिखलातून एका पाण्याकडून दुसऱ्या पाण्याकडे जाऊ शकते. रामटेककडच्या तळ्यावर जाऊन आलात आणि दुसऱ्या दिवशी घराजवळच्या डबक्यात उतरायचं असेल, तर बूट घासून, ब्लीचिंगच्या पाण्यानं धुऊन, पूर्ण वाळवूनच उतरा.

नोंद मेपासून सुरू करा

पावसापासून नव्हे, नवतप्यापासून. 25 मेच्या सुमारास, सकाळी सहाला, अकराही जागा फिरायच्या. बारमाही पाण्याच्या कडेला बसलेले छोटे, करडे-हिरवे बेडूक दिसतील. पाऊल वाजलं की ते पाण्यावरून टप्पे घेत सरकतात, चपटा दगड फेकावा तसे. हा युफ्लिक्टिस सायनोफ्लिक्टिस, वर्षभर पाणी न सोडणारा. मेमध्ये एका खड्ड्याभोवती ते जेवढे दाटीनं दिसतात तेवढे कधीच दिसत नाहीत, कारण बाकीचं पाणी संपलेलं असतं. ही गर्दी मोजून ठेवा. जुलैत हेच बेडूक सगळ्या डबक्यांवर पांगतील, आणि तेव्हा तुमच्याकडे तुलनेला आकडा असेल.

जे जमिनीखाली आहेत ते दिसणार नाहीत, आणि उकरून बघायचं नाही. त्याऐवजी विचारायचं. माळी, विहीर उपसणारे, नांगरट करणारे, पाया खणणारे मजूर. "खोदताना बेडूक निघाला का, किती खोल, माती कशी होती," एवढे तीन प्रश्न. स्फेरोथेका या गुबगुबीत बेडकाच्या मागच्या पायाला फावड्यासारखा कठीण उंचवटा असतो. तो पाठीमागच्या बाजूनं, अंग हलवत हलवत मातीत उतरतो आणि डोकं सगळ्यात शेवटी गडप होतं. एका पायाच्या खड्ड्यातून असा बेडूक निघालेला मला मजुरांनी दाखवला होता. ओंजळीएवढ्या ओल्या पोकळीत तो मुटकुळं करून होता, वरची माती विटेसारखी कडक.

मग मृग लागतो. आमच्याकडे जूनच्या मध्याच्या आसपास एक दिवस असा येतो, की दुपारी ढग दाटतात, संध्याकाळी तासभर धो-धो पाऊस, आणि रात्री आठला हवेत मातीचा वास. त्या रात्री काहीही काम असलं तरी बाहेर पडा. लग्न असलं तरी जेवण आटोपून या. वर्षभराच्या नोंदीत ही एक रात्र हुकली तर ती पुन्हा मिळत नाही. हॉप्लोबॅट्रॅकस टायगरिनस, आपला मोठा बेडूक, हाच पोत्यातून यायचा, त्या रात्री ओळखू येत नाही. शेवाळी अंगाचे नर लिंबासारखे पिवळे होतात आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना गडद निळ्या पिशव्या फुगतात. हा पिवळा रंग थोडेच दिवस टिकतो. पहिल्यांदा मी हे खदानीत पाहिलं तेव्हा टॉर्च बंद करून कडेला बसून राहिलो. 31 वर्षं ज्या प्राण्याला आतून ओळखत होतो, त्याला मी जिवंत असा कधी पाहिलाच नव्हता.

त्या रात्री दोन गोष्टी करायच्या. एक, रस्त्याची मोजणी. टेकडी आणि कॉलनीच्या मधल्या रस्त्याचे 200 पावलांचे तुकडे करा, हळू चाला, दिसेल त्या प्रत्येक बेडकाचं तोंड टेकडीकडे आहे की घरांकडे ते खूण करून ठेवा. एका बेडकावरून काही कळत नाही, पण चाळीस-पन्नास खुणा झाल्या की कल दिसतो. माझ्या वहीत पहिल्या पावसाच्या रात्री बहुतेक तोंडं टेकडीकडे असतात आणि सप्टेंबरअखेर ती फिरतात. पहाटे सहाला, कावळे आणि झाडूवाले यायच्या आत, त्याच रस्त्यावर चिरडलेले मोजा. मन खट्टू होतं, पण रस्ता ओलांडायची त्यांची जागा नेमकी कुठं आहे, ते या मेलेल्यांवरून सगळ्यात चांगलं कळतं. आमच्याकडे ती नाल्याच्या पुलाजवळची जेमतेम 60 पावलं निघाली. आता पावसाच्या पहिल्या आठवड्यात कॉलनीतली चार-पाच घरं रात्री गाड्या दुसऱ्या रस्त्यानं नेतात.

दुसरी गोष्ट, कान. प्रत्येक नंबरवर टॉर्च बंद करून 5 मिनिटं स्तब्ध उभं राहायचं आणि प्रत्येक जातीच्या आवाजाला 0 ते 3 गुण द्यायचे. 0 म्हणजे शांत. 1 म्हणजे एकेक नर वेगळा मोजता येतो. 2 म्हणजे आवाज एकमेकांवर येतात पण अंदाज बांधता येतो. 3 म्हणजे नुसता कल्लोळ. कंगव्याच्या दात्यांवरून नख ओढल्यासारखा कर्कश टर्रर्र आला तर तो मायक्रोहायला ऑर्नाटा, जेमतेम इंचाचा, आवाज मात्र गल्लीभर. लाकडावर टिचकी मारल्यासारखं टक-टक-टक, तेही उंचावरून, तो झाडबेडूक. लांबलचक, न तुटणारा कुर्रर्र असा सूर खरखरीत अंगाच्या टोडचा, म्हणजे भेकाचा. सुरुवातीला फोनवर रेकॉर्ड करून घरी पुन्हा ऐका. महिनाभरात कान तयार होतो.

माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी देतो: "जागा 4, रा. 8.40, पाणी घोट्याएवढं, 27 अंश, गच्चीवर 38 मिमी. मोठा पिवळा 2, मायक्रोहायला 3, झाडबेडूक 1, टोड 0. काठावर टोडची अंडी, दोन ओळींच्या माळा. दिवड एक." जागा, वेळ, पाणी, तापमान, पाऊस, आवाज, डोळ्यांना दिसलं ते. याच्यापेक्षा जास्त लिहायला गेलात तर पावसात जमत नाही, आणि कमी लिहिलंत तर डिसेंबरमध्ये काही उमजत नाही. शून्य लिहायला विसरू नका. वहीत मोकळी सोडलेली जागा म्हणजे गेलो नाही, शून्य म्हणजे गेलो आणि कुणी नव्हतं.

बेडूकमासे आणि माझ्या हातून झालेली चूक

जुलैपासून आठवड्यातून एकदा दिवसा पाण्यात बघायचं. अंड्यांवरूनच जात बरीचशी कळते: टोडच्या लांब माळा, मायक्रोहायलाचा पाण्यावर पसरलेला एकपदरी तवंग, झाडबेडकाचा पाण्यावर टांगलेला फेस. फेसातली पिल्लं तयार झाली की खाली पाण्यात टपकतात. टोडचे बेडूकमासे काळेभोर, थव्यानं फिरणारे. मायक्रोहायलाचे काचेसारखे पारदर्शक, पाण्याच्या मधोमध तरंगत राहणारे. आतलं आतडं सुद्धा दिसतं. मोठ्या बेडकाचे बेडूकमासे इतरांना खातात, एका डबक्यात दोन्ही असतील तर आठवड्याभरात फरक दिसतो.

पहिल्या वर्षी जुलैत पावसानं बारा-तेरा दिवस दडी मारली. 4 नंबरचं डबकं परातीएवढं उरलं आणि त्यात शेकडो पारदर्शक पिल्लं तडफडायला लागली. मला बघवेना. दोन बादल्या भरून ती मी खालच्या बारमाही तळ्यात नेऊन सोडली. पाण्यात पडल्या पडल्या खालून मासे वर आले. मी काठावर उभा होतो, आणि दोन-तीन मिनिटांत पाणी पुन्हा शांत झालं. बेडूक आटणारं डबकं निवडतो ते तिथं मासे नसतात म्हणूनच, हे मला त्या दिवशी कळलं. तिसऱ्या दिवशी पाऊस आला. 5 नंबरचं डबकंही तेवढंच आटलं होतं, तिथून मी काही हलवलं नव्हतं, आणि पुढच्या पंधरवड्यात तिथून पिल्लं बाहेर पडली. तेव्हा पिल्लं हलवू नका. डबक्यात कचरा पडला असेल तो उचला, टँकरवाला त्यातून पाणी भरत असेल तर त्याच्याशी बोला.

पोळ्याच्या सुमारास, मारबतीच्या मिरवणुका निघतात त्या दिवसांत, नखाएवढ्या बेडकुळ्या काठावरच्या गवतात निघतात. रिमझिम असताना त्या दिवसाढवळ्याही चालतात. काठापासून 5, 10, 20 पावलांवर एकेक हातभर चौकोन आखून त्यातल्या मोजा. दर दोन दिवसांनी बाहेरच्या चौकोनांतला आकडा वाढत जातो, आणि कोणत्या बाजूला वाढतो तीच त्यांची वाट. आमच्याकडे ती तरोट्याच्या दाट पट्ट्यातून जाते, मोकळ्या मुरमावरून जवळपास कुणी जात नाही. तेव्हा ऑक्टोबरमध्ये "साफसफाई" म्हणून तो पट्टा कापायला कुणी आलं, तर वही घेऊन त्याच्यासमोर उभे राहा. मी दोनदा राहिलोय, आणि आकडे दाखवल्यावर माणसं ऐकतात.

ऑक्टोबर, नोव्हेंबरला पंधरवड्यातून एक रात्र पुरते. आवाज नसतात, पण रस्त्यावरच्या दिव्याखाली, भाजीच्या वाफ्यांत, धुऱ्यांवर बेडूक खात बसलेले असतात. ट्रेमधली ती पिवळी चरबीची बोटं याच दिवसांत भरतात. डिसेंबर, जानेवारीत महिन्यातून एक दुपार: बारमाही पाण्याकाठी उन्हाला बसलेले युफ्लिक्टिस मोजा, आणि मोजके दगड उचलून बघा. दगडाची पलीकडची कड धरून तो नेहमी आपल्या बाजूला कलवायचा, म्हणजे खालचा साप किंवा विंचू पलीकडे जातो. खाली टोड असला तर तसाच ठेवून दगड त्याच खाचेत, त्याच अंगावर परत बसवायचा.

फोटो आयनॅचरलिस्टवर किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाका, जात ओळखायला मदत मिळते. मोठ्या पिवळ्या बेडकाच्या जागेचा नेमका पत्ता मात्र झाकून टाका. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात 1987 मध्ये बंद झाली आणि तो बेडूक 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहे, तरी पहिल्या पावसात गोणी घेऊन येणारी माणसं अजून आहेत.

आता कूलर. मेमध्ये टाकीत एक लाकडी पट्टी तिरपी ठेवा, म्हणजे पाण्यात पडलेला टोडही वर येऊ शकेल. टाकी रिकामी करताना बादलीनं फेकू नका. झाडबेडूक बसलेला असेल तर साध्या पाण्यानं हात ओले करून त्याला उचला आणि सावलीतल्या कुंडीआड ठेवा. इथं तेवढा हात लावावाच लागतो. तारीख वहीत लिहा. आमच्या घरातली शेवटची नोंद दर वर्षी पहिल्या मोठ्या पावसाच्या एक-दोन दिवस मागेपुढे येते, आणि त्याच आठवड्यात 2 नंबरच्या फांदीवर पहिला फेस दिसतो. जुलैत कूलर गच्चीवर टाकायला काढाल, तेव्हा पाणी ओतायच्या आधी ताटीच्या मागे एकदा टॉर्च मारा.